फी आधी भरायची की शिष्यवृत्तीची वाट पाहायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चाकणला कंपनीत आहात. घर हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. धाकट्या बहिणीला सीईटी या प्रवेश परीक्षेनंतर कॅपच्या, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातून जागा मिळाली. महाविद्यालयाने हातात चिठ्ठी दिली: शिक्षण शुल्क ९२,०००, विकास शुल्क ९,२००, परीक्षा शुल्क ३,०००, इतर ४,८००. एकूण १,०९,००० रुपये. ‘आत्ता सगळी भरा, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल,’ असं खिडकीवर सांगितलं. वडील आडत्याकडून शेकडा तीन रुपये महिन्याने पैसे उचलायच्या तयारीत आहेत. आणि तुम्ही विचारताय, ‘कोणता फॉर्म भरला म्हणजे जास्तीत जास्त पैसे मिळतील?’

मी नांदेडकडच्या एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षं बसतोय. कोणता फॉर्म, हे पाच मिनिटांत सांगता येतं. तुमची अडचण वेगळी आहे. प्रवेश होतात जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे खत-बियाण्यात घरातला होता नव्हता तो पैसा गेलेला असतो आणि सोयाबीन अजून शेतात उभं असतं. शिष्यवृत्तीचा पैसा येतो दिवाळीनंतर, बऱ्याचदा मार्चच्या आसपास, कधी पुढचं वर्ष उजाडल्यावर. या मधल्या महिन्यांत आपली माणसं कर्जात जातात, आणि पुष्कळदा अशा रकमेसाठी जातात जी मुळात भरायचीच नव्हती. म्हणून आधी त्या चिठ्ठीतल्या आकड्यांची तीन भागांत वाटणी करा: जे भरायचंच नाही, जे आत्ता भरून मागून मिळतं, आणि जे कुठलीच योजना देत नाही. उसनवारी झालीच तर फक्त शेवटच्या दोन भागांपुरती.

पहिला भाग तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा आहे. राज्य शासनाने ८ जुलै २०२४ ला निर्णय काढून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत दिली. २०२४-२५ पासून ती लागू आहे. त्याआधी ही सवलत निम्मी होती. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ती अजूनही निम्मीच आहे. म्हणजे तुमच्या बहिणीच्या चिठ्ठीतले ९२,००० आणि ३,००० हे शासनाने महाविद्यालयाला द्यायचे आहेत. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ही रक्कम घेऊ नका, असं शासनाने महाविद्यालयांना बजावलेलंही आहे.

तरी महाविद्यालयं मागतात. का मागतात हेही समजून घ्या, म्हणजे खिडकीवर बोलताना तोल जाणार नाही. शासनाकडून त्यांचे पैसे उशिरा येतात, प्राध्यापकांचे पगार दर महिन्याला करावे लागतात, आणि एखाद्या मुलीचा अर्ज कागदाअभावी बाद झाला तर पुढे तिच्याकडून वसूल करणं अवघड जातं. ही त्यांची अडचण खरी आहे. पण तिचं ओझं तुमच्या वडिलांनी आडत्याच्या वहीत नाव लिहून उचलायचं, हे काही बरोबर नाही.

खिडकीवर वाद घालू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: ‘माझा प्रवेश कॅपमधून झाला आहे, प्रवर्ग एसईबीसी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार मी शिक्षण व परीक्षा शुल्काच्या सवलतीस पात्र आहे, महाडीबीटीवर अर्ज करून त्याची प्रत मुदतीत देईन, कृपया उरलेलं शुल्क घेऊन प्रवेश निश्चित करावा.’ (महाडीबीटी म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं ऑनलाइन पोर्टल.) सोबत कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. दोन प्रती न्या, एकीवर आवक-जावक विभागाचा शिक्का घ्या. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा विषय या शिक्क्यावरच मिटतो. तोंडी ‘नाही’ म्हणणं सोपं असतं, लेखी नाकारायला कोणी धजत नाही. तरीही अडवलंच तर तंत्रशिक्षण संचालनालयाचं विभागीय कार्यालय छत्रपती संभाजीनगरातच आहे. तिथे सहसंचालकांच्या नावे तोच अर्ज, शिक्क्याच्या प्रतीसह द्या. प्रवेश निश्चित करायची मुदत मोजक्या दिवसांची असते, त्यामुळे हे सगळं पहिल्याच दिवशी करा. शेवटच्या दिवशी चारला गेलात तर बरोबर असूनही पैसे भरून मोकळं व्हावं लागेल.

इथे एक अट डोळ्यांत तेल घालून पाहा. ही सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला नाही. तुमचं कॅपमधून आहे, काळजी नाही. पण ‘पुढच्या फेरीची वाट कशाला पाहता, आमच्याकडे थेट या, शिष्यवृत्ती आम्हीच करून देतो’ असं सांगणारे एजंट बसस्थानकापासून भेटतात. त्या वाक्यापायी चार वर्षांची पूर्ण फी गळ्यात पडलेली घरं मी पाहिली आहेत.

आता विकास शुल्क ९,२०० आणि इतर ४,८००. हे १४,००० तुम्हालाच भरायचे. सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे, विकास शुल्काची नाही. ‘इतर’मध्ये काय काय आहे याची फोड मागा. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळेची अनामत असेल तर ती शेवटच्या वर्षानंतर परत मिळते, पावती जपून ठेवा. खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर महाविद्यालयवार पाहता येते. चिठ्ठीतला आकडा आणि तिथला आकडा जुळतो का, एवढं तुम्ही चाकणला बसून मोबाइलवरही पाहू शकता. विकास शुल्काचे दोन हप्ते करून मागितले तर बहुतेक ठिकाणी मिळतात. मागावे मात्र लागतात.

खरा खर्च फीचा नाहीच, राहण्या-खाण्याचा आहे. मुलगी सेनगावहून संभाजीनगरला रोज ये-जा करू शकत नाही. खोली आणि मेस मिळून महिन्याला सहा हजार धरले तरी दहा महिन्यांचे साठ हजार होतात, आणि सुरुवातीला डिपॉझिट वेगळं. घरं फीच्या मागे लागतात आणि हा खर्च गणतीतच धरत नाहीत. मग दिवाळीला पोरगी घरी येते आणि परत पाठवायला पैसे नसतात. दुसऱ्या सहामाहीत मुली गळतात त्या फीमुळे कमी, मेसमुळे जास्त.

यासाठी दुसरा अर्ज आहे. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना ही अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी आहे. तिची रक्कम सुरुवातीला संभाजीनगरसारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ३०,००० आणि इतरत्र २०,००० होती. पुढे ती वाढवली आहे आणि शहराच्या दर्जानुसार बदलते, यंदाचा आकडा परिपत्रकात पाहा. चार एकर म्हणजे दोन हेक्टरच्या आत, त्यामुळे वडील अल्पभूधारकात बसतात. तहसीलमधून अल्पभूधारक दाखला काढा. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर आधी फेरफार लागेल. हे काम प्रवेशाच्या गडबडीत होत नाही, म्हणून आजच पाहून घ्या. बहीण महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहिली तर वसतिगृहाचं प्रमाणपत्र आणि बाहेर खोली केली तर घरमालकाशी केलेला भाडेकरार लागेल. घरमालक कराराला कां-कूं करतात, म्हणून खोली ठरवतानाच विचारा. हा भत्ता आणि फी सवलत ही वेगवेगळी कामं आहेत, दोन्हीचे अर्ज भरता येतात.

हा भत्ता मात्र मागून येणारा पैसा आहे. पहिले सहा महिने तरी तुमच्याच खिशातून जाणार असं धरून चला. तुमच्या पगारातून दरमहा तीन-चार हजार निघाले आणि बाकीचं हंगामाचा माल विकून भागलं, तर गाडं चालतं. म्हणजे आत्ता हातात लागतात ते फीचे १४,०००, खोलीचं डिपॉझिट आणि पहिले एक-दोन महिने. धरा ३२,०००. आडत्याकडून उचललेच तरी व्याज महिन्याला ९६० रुपये. फीचे १,०९,००० उचलले असते तर नुसत्या फीचंच व्याज महिन्याला ३,२७० झालं असतं, वर्षाचे ३९,२४०. शिवाय आडत्याचं व्याज व्याजावर थांबत नाही. सोयाबीन त्याच्याच काट्यावर, त्याच्याच भावाने घालावं लागतं.

वडील किंवा आई बांधकाम कामगार म्हणून नोंदलेले आहेत का, हेही घरी विचारा. आपल्याकडे भांड्यांचा संच मिळाला आणि कार्ड कपाटात गेलं, असं फार घरांत आहे. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी चालू असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना उच्च शिक्षणासाठी दरवर्षी मदत देतं. अभियांत्रिकीला ६०,००० रुपये आणि वैद्यकीयला १,००,०००. अट अशी की नोंदणी जिवंत हवी, म्हणजे वेळेवर नूतनीकरण केलेलं हवं. खरोखर बांधकामावर जात असाल तरच. पैसे घेऊन नव्वद दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र विकणारे आहेत, त्यांच्या नादी लागू नका. तपासणीत सापडलं तर पोरीच्या बाकीच्या अर्जांवरही बालंट येतं.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून अर्ज करायचा, तलाठ्याचा (आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, माणूस तोच) अहवाल जोडायचा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षी भावकीतल्या कुणाच्या कामासाठी काढलेला जुना दाखला चालत नाही, हे तीन-तीनदा सांगूनही लोक तोच आणतात.

तुम्ही विचारलंय की तुमचा पगार दाखवला तर सवलत जाईल का. कुटुंबाचं उत्पन्न प्रामुख्याने आई-वडिलांचं पाहतात; पण तुम्ही रेशनकार्डात असाल आणि तहसीलमध्ये विचारलं तर खरं सांगा. तुमचा वर्षाचा पगार आणि शेती मिळूनही ८ लाखांच्या जवळपास जात नाही. लपवून मिळवायचं काहीच नाही. उलट उद्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलात तर तिथे तुमचीच पगारपत्रकं लागतील, आणि एका टेबलावर साठ हजार, दुसऱ्या टेबलावर तीन लाख असं झालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. एकच खरा आकडा सगळीकडे ठेवला की डोकं शांत राहतं.

नॉन-क्रीमी लेयर आणि उत्पन्नाचा दाखला हे दोन वेगळे कागद आहेत, मर्यादा दोन्हीकडे ८ लाख असल्याने गोंधळ होतो. नॉन-क्रीमी लेयर ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या मर्यादेत मोजत नाहीत, शिष्यवृत्तीसाठी मात्र सगळंच मोजतात. त्यामुळे शिक्षकाच्या मुलीकडे नॉन-क्रीमी लेयर असतं आणि तरी ती फी सवलतीला अपात्र ठरते. त्यात अन्याय नाही, नियमच दोन आहेत. तुमच्या बहिणीला दोन्ही लागतील.

जात पडताळणीची पावती आहे असं लिहिलंय, पण प्रमाणपत्र अजून हातात नाही. हा माझ्या मते तुमच्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक धागा आहे. पावतीवर प्रवेश तात्पुरता होतो, प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत द्यावंच लागतं. शासनाने याआधी मुदती वाढवून दिल्या आहेत, पण यंदाही वाढेल या भरवशावर राहू नका. जिल्हा पडताळणी समितीकडे स्वतः जा, अर्जात त्रुटी निघाली आहे का ते बघा. त्रुटीचा संदेश बहुतेक वेळा अर्ज भरणाऱ्या केंद्रवाल्याच्या मोबाइलवर जातो आणि तिथेच मरतो. ज्यांची लेकरं अकरावीत आहेत त्यांनी हे काम आत्ताच सुरू करावं. बारावीच्या निकालानंतर सगळा मराठवाडा त्याच दारात उभा असतो.

याच्याशी जोडलेला तुमचा दुसरा प्रश्न: चुलत्यांच्या घरी कुणबी नोंद सापडली आहे, बहिणीचंही कुणबी प्रमाणपत्र काढून अर्ज ओबीसीतून भरावा का? फी सवलतीपुरतं बोलायचं तर एसईबीसी आणि ओबीसी दोन्ही मुलींना ती सारखीच शंभर टक्के आहे. तिथे एक रुपयाचाही फरक नाही. फरक पडेल तो निर्वाह भत्त्यात. ओबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्या जागा मर्यादित आहेत. प्रवेश ज्या प्रवर्गातून झाला, शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच प्रवर्गातून जुळायला हवा. मधेच प्रवर्ग बदलला की पडताळणीही नव्याने. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: कुणबी नोंदीचं काम स्वतंत्रपणे चालू द्या, पण या प्रवेशाच्या अर्जात हात घालू नका. इथे भावना गुंतलेल्या आहेत हे मला माहीत आहे. मी फक्त फीच्या टेबलावरून बोलतोय.

शाहू महाराज योजनेत एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ मिळतो. तुम्ही स्वतः पदविका करताना निम्मी सवलत घेतली होती असं लिहिलंय. तुम्ही पहिले, बहीण दुसरी. बसतं. तिसऱ्या भावंडाचा प्रश्न पुढे येईल तेव्हा लक्षात असू द्या.

इथवरचं सांगायचं तर: ९५,००० भरायचे नाहीत, त्यासाठी शिक्का मारलेला अर्ज; १४,००० भरायचे, जमल्यास हप्त्यांत; राहण्याचा खर्च आत्ता स्वतःचा, भत्ता मागून. आता महाडीबीटीवरचा अर्ज.

तो नेट कॅफेत भरला तरी चालेल, पण मोबाइल नंबर बहिणीचा हवा. कॅफेवाले सोय म्हणून स्वतःचा नंबर टाकतात, युजरनेम-पासवर्ड त्यांच्याच वहीत राहतो, आणि पुढच्या वर्षी ते दुकान उठून गेलेलं असतं. आधारला जोडलेला नंबर चालू आहे का ते आधी तपासा, ओटीपी तिथेच येतो. नाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि बँकेत एकसारखं असावं. आपल्याकडे शाळेत वडिलांचं नाव ‘बाबुराव’ आणि आधारवर ‘बाबू’ हे नेहमीचंच. दुरुस्ती आधारमध्ये करणं त्यातल्या त्यात सोपं पडतं.

अर्जात चालू अभ्यासक्रमाच्या पानावर जास्त चुका होतात. प्रवेशाचा प्रकार कॅप निवडा. आधी भरलेली फी विचारतात तिथे जेवढी पावती आहे तेवढीच रक्कम लिहा. दहावी-बारावीनंतर एक वर्ष सीईटीसाठी घरी बसली असेल तर खंडाचं (गॅपचं) शपथपत्र जोडा. भत्त्यासाठी वसतिगृहाचं पान भरायला विसरलात तर ती योजना यादीत दिसतच नाही, आणि मग लोक म्हणतात आमच्या पोरीला योजना लागू नाही.

बँक खात्याचं वेगळं सांगतो, कारण मंजूर झालेले पैसे इथे अडकतात. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे शासनाचा पैसा थेट खात्यात येण्यासाठी, ‘सीडिंग’ असणं हे एक नाही. शासनाचा पैसा आधार क्रमांकाच्या मागे जातो, आणि ज्या खात्याला शेवटचं सीडिंग झालंय त्यात पडतो. गावात शिबिरात कुणी नवं खातं काढून दिलं असेल, तर पैसा तिकडे गेला आणि तुम्ही जुन्या पासबुकावर नोंदी करत बसलात, असं होतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, कोणती बँक दिसते ते पाहा. शाळेत असताना अज्ञान म्हणून काढलेलं खातं असेल तर अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी करून ते बदलून घ्या. अपुऱ्या कागदांवर काढलेली छोटी खाती असतात, त्यांत शिल्लक ५०,००० च्या वर आणि वर्षाची एकूण जमा १ लाखाच्या वर चालत नाही. भत्त्याची रक्कम अशा खात्यावर अडकू शकते.

अर्ज सबमिट झाला म्हणजे काम संपलं असं नाही. तो आधी महाविद्यालयातल्या माझ्यासारख्या कारकुनाकडे येतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे. कुठेही त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि दुरुस्तीची मुदत चालू होते. संदेश येईलच असं नाही. दर रविवारी एकदा लॉगिन करून बघायची सवय बहिणीला लावा. आणि अर्जाची छापील प्रत कागदांसह शिष्यवृत्ती विभागात नेऊन द्या, तिथल्या माणसाचं नाव विचारून ठेवा. मराठवाड्यातल्या कुठल्याही महाविद्यालयात हा एकच माणूस दोन-तीन हजार अर्ज बघत असतो. ज्या मुलीचा चेहरा आठवतो तिचा परत आलेला अर्ज तो फोन करून सांगतो. हे नियमात कुठेही लिहिलेलं नाही, पण असंच चालतं.

तुम्ही आणखी दोन योजनांचं नाव घेतलंय. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना वर्षाला ५०,००० रुपये देते, उत्पन्न मर्यादा ८ लाख, एका कुटुंबात दोन मुलींपर्यंत, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असताना ती घेण्यावर अटी आहेत. ९५,००० ची फी सवलत हातात असताना पन्नास हजारांसाठी ती धोक्यात घालू नका. आधी फी सवलत पक्की होऊ द्या, मग यंदाच्या अटी वाचून ठरवा. दुसरी, बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती. ती आपापल्या बोर्डात आणि शाखेत वरच्या वीस टक्क्यांत आलेल्यांना आहे, उत्पन्न मर्यादा साडेचार लाख, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. रक्कम लहान म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. इथेही एकावेळी एकच लाभ हा नियम आड येतो, त्यामुळे तुमच्यासाठी ती उपयोगाची नाही. पण साधी बीएस्सी करणाऱ्या, दुसरं काही न मिळणाऱ्या हुशार पोरांनी ती सोडू नये.

शैक्षणिक कर्ज घ्यावं का? फीसाठी नको. राहण्यासाठी, लॅपटॉपसाठी लागलंच तर आडत्यापेक्षा बँक केव्हाही बरी. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका स्वतःचा हिस्सा मागत नाहीत, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि महाविद्यालय किंवा अभ्यासक्रम नॅक अथवा एनबीए या राष्ट्रीय संस्थांकडून मानांकित असेल तर शिक्षण चालू असताना आणि पुढे एक वर्षाचं व्याज केंद्राच्या योजनेतून भरलं जातं. बँकेत हे आपण विचारलं तरच सांगतात. शाखा गावाकडची धरा, संभाजीनगरची बँक तुम्हाला पुन्हा सेनगावलाच पाठवेल. मंजुरीला महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून प्रवेशाच्या तातडीत हे कामाला येत नाही, दुसऱ्या सहामाहीसाठी येतं.

वाचणाऱ्या इतरांसाठी एवढं जोडतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना २.५ लाखांपर्यंत उत्पन्नाला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त उत्पन्नाला फ्रीशिप म्हणजे शुल्कमाफी, आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जमातीला तशीच स्वयंम. मॅट्रिकोत्तरमध्ये केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो आणि त्यात महाविद्यालयाची फीही असते. तो पैसा पेरणीत किंवा बहिणीच्या लग्नात गेला, की शेवटच्या वर्षी टीसी आणि गुणपत्रिका अडकते. आणि ज्या मुलांना निम्मीच सवलत आहे त्यांनी कॅपचा पर्याय अर्ज भरतानाच शिक्षण शुल्क माफीच्या जागा पाहाव्यात. प्रत्येक अभ्यासक्रमात पाच टक्के वाढीव जागा ८ लाखांच्या आतल्यांसाठी असतात. गुण चांगले हवेत, कारण तिथे चुरस मोठी असते.

अतिवृष्टी किंवा दुष्काळ जाहीर झालेल्या तालुक्यांना परीक्षा शुल्क माफी मिळते, २०२५ च्या सप्टेंबरमधल्या पुरानंतरही ती जाहीर झाली होती. तुमच्या बहिणीला ते शुल्क तसंही नाही, पण गावातल्या बीए-बीकॉमच्या पोरांना सांगा. यादीत तालुका असूनही फी भरून मोकळी झालेली पुष्कळ असतात.

एक गोष्ट अजून. हा अर्ज दरवर्षी नव्याने भरायचा असतो, पहिल्या वर्षी मंजूर झाला म्हणून पुढे आपोआप चालत नाही. हजेरी योजनेत ठरवलेली तेवढी हवी, आणि वर्ष वाया गेलं तर त्या वर्षाची सवलत थांबते. दुसऱ्या वर्षासाठी नवा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच, सेतूवर गर्दी व्हायच्या आत काढून ठेवा. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका हाती आली की लगेच नूतनीकरण टाकता येईल. अर्जाचा आयडी, पासवर्ड आणि सगळ्या कागदांचे फोटो बहिणीच्या आणि तुमच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.